जिनिंगच्या आवारातली साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकात प्रवासाचं लिहिणारे लोक यरुशलेमला जाऊन आलेले असतात. उंटावर बसलेला फोटो असतो, बाटलीत भरून आणलेलं नदीचं पाणी असतं, आणि प्रत्येकानं एकदा तरी जावं असा शेवटी आग्रह असतो. मी पांढरकवड्याच्या पुढे जाऊन आले. एसटीनं. फोटो नाही, आणि पाणी आमच्याच घरच्या नळाचं होतं. तुम्ही जावं असा माझा आग्रह नाही. जाणारे जातीलच. तिथे काय काय चालतं ते आधी कळलेलं बरं, म्हणून लिहिते.

माझं नाव कृपा आणि धाकट्या बहिणीचं दया; ती मला बाई म्हणते. आम्ही पुढे कशा निघणार हे बापाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं अशी नावं ठेवली. दोघी विधवा आहोत, बाभुळगावात एकाच घरात राहतो. दयाला साखरेचा जुना आजार आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागते आणि ती मी टोचते, कारण स्वतःच्या मांडीत सुई घालायची तिची छाती होत नाही. यंदा तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, साखर ताब्यात ठेवली तर अंगठ्यावर निभावेल, नाही तर पाय घोट्यापासून जाईल. हे त्यानं दयाकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं. म्हणजे सुई चुकली तर गुन्हेगार मी.

अशात कुणीतरी रंगीत कागद आणून दिला. ‘चंगाई, छुटकारा आणि अभिषेकाची महासभा.’ खाली सूट घातलेल्या माणसाचा फोटो आणि त्याच्या नावापुढे ‘प्रेषित व संदेष्टा’. मी चौथी शिकले आहे, पण माझ्या माहितीप्रमाणे प्रेषित मोजके होते आणि तेही फार पूर्वी वारले. चंगाई हा शब्दही आमच्या घरात कधी नव्हता. आमचा बाप ‘बरं करणं’ म्हणायचा, आणि छुटकाऱ्याला सुटका. हे शब्द हिंदीतून आले आणि येताना ढोलक घेऊन आले.

कागदावर शेवटी होतं, ‘शेवटच्या दिवशी साक्षी होतील.’ साक्ष मात्र आमच्याकडेही होते, आणि ती कशी होते ते इथेच सांगते. रविवारी भक्ती संपली की ज्याला देवानं काही केलं असं वाटतं तो उभा राहून सांगतो. एकटा नाही. त्याच्या घरचं एक माणूस शेजारी उभं राहतं आणि सगळं ऐकून शेवटी ‘खरं आहे’ म्हणतं. जुन्या पाळकांनी घालून दिलेली ही पद्धत. घरचं माणूस गप्प राहिलं, तर साक्ष झाली नाही, खाली बसायचं. दारू सुटली म्हणून उभा राहिलेला एक बाप्या बायको तोंड उघडेना म्हणून तसाच बसलेला मी पाहिला आहे. त्या दिवशी बायकांच्या बाजूनं ‘बस खाली’ असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडली ती दया.

दयानं कागद उशाखाली ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी गोड बोलली. मी ओळखलं. सुई कोण टोचणार, म्हणून मीही निघाले.

बाभुळगाव ते पांढरकवडा

औषधाची बाटली थंड राहायला हवी, म्हणून बर्फ घालून थर्मासात ठेवली. थर्मास मांडीवर घेऊन म्हातारी बसली की तिच्याकडे चहा आहे असं अख्ख्या गाडीला वाटतं. यवतमाळहून पुढच्या गाडीत केळापूरच्या देवीला जाणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक माझ्या थर्मासाकडे बघत दयाला म्हणाली, “तुमी कोन्त्या देवाले चालल्या व बाई?”

“आमची सभा हाय. अभिषेकाची.”

“आमच्या देवीचा बी होते ना अभिषेक. तुमचा दुधाचा का पान्याचा?”

“आत्म्याचा,” दया म्हणाली.

बाईनं जरा विचार केला आणि आम्हाला मूठभर शेंगदाणे दिले.

दोन्हीकडे पऱ्हाटी उभी होती. कापूस फुटून लोंबत होता आणि वेचणारं कुणी दिसत नव्हतं. वेचून तरी कुठे नेणार? ज्यांनी वेचला होता त्यांनी भाव येईल म्हणून घरात भरून ठेवला होता. करंजीच्या फाट्यावर चहा प्यायलो तिथे हॉटेलवाल्याच्या खाटेखाली, पोह्याच्या परातीमागे, सगळीकडे कापूस. तो म्हणाला, “मावशी, यंदा आमी कापसावर झोपतो, कापसावर जेवतो. लाडसाहेब झालो.” पोहे बरे होते. वर ओतलेली तर्री नुसतं तेल.

जिनिंगचं आवार

सभा पांढरकवड्याच्या पुढे, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या आवारात होती. मालकानं यंदा खरेदीच उघडली नव्हती, म्हणून जागा भाड्यानं दिली. जिथे एरवी कापसाचे ढीग पडतात तिथे मांडव होता आणि वजनकाट्याजवळ मंच. तारांवर, पत्र्यांवर जुनी रुई लोंबत होती. आवाजाची पेटी वाजली की ती रुई थरथरायची.

आमच्या देवळात चपला बाहेर, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पेटीवर गाणं, आणि प्रार्थना चालू असताना कुणी खोकलं तरी लोक वळून बघतात. इथे सगळेच उभे, हात वर, चपला पायात. गाणं संपलं असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. सूटवाला माणूस मंचावर आला. त्याला सगळे ब्रदर म्हणत. वयानं माझ्या नातवाएवढा, पण नातवाचा आवाज एवढा बसलेला नसतो. त्याचं मराठी कुठल्यातरी दुसऱ्या भाषेतून उचलून आणल्यासारखं होतं. “प्रभू तुमच्या परिस्थितीमध्ये एक दार उघडत आहे!” दर वाक्याला लोक ‘हालेलुया’ म्हणत. तो पाणी प्यायला थांबला तरी म्हणत.

पहिल्या संध्याकाळी त्यानं बोलायचं कसं ते शिकवलं. आजाराला ‘माझा’ म्हणायचं नाही. म्हटलं की तो आपला होतो. ‘बरा झालो’ असं तोंडानं कबूल करायचं, मग शरीर मागून येतं. आमच्याकडे कबुली पापाची द्यायची असते आणि ती देताना मान खाली असते. इथे छाती पुढे काढून.

शिकवलेलं लोकांनी पटकन उचललं. जेवणाच्या रांगेत पायाला प्लॅस्टर घातलेला एक जण होता. मी विचारलं, “कसा मोडला जी पाय?”

“मोडला नाई, आजी. बरा झाला.”

“मंग हे पांढरं काय?”

“ते नुसतं लक्षण हाय,” तो म्हणाला आणि भिंत धरून पुढे सरकला.

मग पाकिटं फिरली. पाकिटावर ‘बीज’ छापलं होतं. जो पेरेल तो कापेल, असं ब्रदर म्हणाला. समोर बसलेले सगळे कापूसवाले. माझ्या पुढचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, पण असं की चार रांगांना ऐकू जावं, “उगवलं नाई त बियानं बदलून भेटते का, इचार.” तेवढ्या भागात हालेलुया झालं नाही.

जेवण रफिकभाईंच्या हातचं. पांढरकवड्याचे आचारी, सभेनं बोलावलेले. वांग्याची भाजी अशी की मी पुन्हा मागून घेतली. ते वाढताना म्हणाले, “भंडाऱ्यात लाजायचं नाय, अम्मा.” बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक तिथे धावून आला. “भंडारा नाही, प्रीतिभोजन म्हणा.” रफिकभाई म्हणाले, “नाम कुछ भी रखो साहब, नमक उतनाच लगता.”

बायकांची झोपायची सोय सरकीच्या गोदामात होती. माझ्या शेजारी मैनाबाई नावाची कोलाम जमातीची म्हातारी आली, गुडघे धरलेली. पलीकडे काही बाया अन्य भाषेत प्रार्थना करत होत्या. तेच तेच तीन-चार आवाज, खूप वेगानं. मैनाबाईनं कान देऊन ऐकलं.

“हे कोन्ती बोली व, बाई?”

“देवाची म्हन्तेत.”

“अन् देवाले आपली येत नसन का?” ती म्हणाली. “मी त माह्या गुडघ्याचं कोलामीतच सांगून राह्यलो.”

मी दयाला सुई टोचली. तिनं निमूट घेतली. पहिला दिवस बरा गेला म्हणायचा.

पडण्याचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई, आणि दुपारी हात ठेवणं. रांगा लावल्या. ब्रदर एकेकाच्या कपाळावर तेलाचं बोट लावून तळहात ठेवायचा आणि माणूस मागे पडायचा. याला आत्म्यात पडणं म्हणतात, हाच अभिषेक. मागे दोन पोरं झेलायला उभी आणि दोन बाया ओढण्या घेऊन, पडलेल्या बायकांच्या पायांवर टाकायला. व्यवस्था चोख होती. मी बराच वेळ बघत उभी होते. मांडवाच्या डाव्या अंगाला ताडपत्रीखाली रुई पसरलेली होती, तिथे धडाधड पडत होते. उजव्या अंगाला विटांचे तुकडे होते. तिथे आत्मा कुणावर उतरला नाही.

माझी पाळी आली. मी रांगेत नव्हते, दयाचा हात धरून नुसती उभी होते, पण त्यानं माझ्याही कपाळावर हात ठेवला आणि लोटलं. मी जन्मभर डोक्यावर ओझी वाहिली आहेत. मान घट्ट आहे. त्यानं पुन्हा लोटलं.

“लोटता कायले जी?” मी म्हटलं. “बसाचं असन त सांगा, बसतो.”

“सोडून द्या, आई. विरोध करू नका.”

“मी कुठी धरलं तुमाले?”

झेलणारा पोरगा हसला. ब्रदरनं माझ्याकडे दुर्लक्ष करून दयाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून बराच वेळ हळू आवाजात प्रार्थना केली. तिला लोटलं नाही, एवढं मी सांगते, कारण बघितलेलं सांगायचं तर सगळं सांगावं. दया आपण होऊन खाली गेली. उठली तेव्हा केसांत रुई अडकली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी रडलेली मी तिला तिच्या नवऱ्याच्या मातीलाही पाहिली नव्हती.

मैनाबाईचीही पाळी झाली. ती पडली, उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “आमच्याकडचा भगतबी असंच पाडते. पन तो कोंबडी मांगते, अन् उरली त घरी नेऊ देते.”

“गुडघे?”

“हाय तसेच हायेत. पन पडलं की आंग मोकळं होते.”

संध्याकाळी मी थर्मास उघडला तर दया म्हणाली, “ठेवून दे.”

“काहून?”

“मी बरी झाली. आता सुई घेतली त अविश्वास होते.”

“कोन म्हने बरी झाली?”

“मीच म्हन्तो. तोंडानं कबूल केलं की होते.”

“मंग मीबी कबूल करतो, माहं लुगडं नवं हाय.”

“हास. तुले हासाचंच येते.” ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मग वळली. “बाई, एक सांगू? तू रोज येते, मांडी पाह्यते, टोचते अन् जाते. माह्या तोंडाकडं पाह्यते का कदी? त्यानं माह्या डोक्शावर हात ठेवला. हे गेले तवापासून कोनं ठेवला नव्हता.”

मी सुई गुंडाळून ठेवली, थर्मास बंद केला. बर्फाचं पाणी झालं होतं.

साक्षीचा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळीही तिनं सुई घेतली नाही. तोंड कोरडं पडलं होतं, तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. पाय धुताना मी अंगठा पाहिला. परवा लाल होता. आता कडेनं काळा झाला होता.

“दया, अंगठा पाह्य.”

“ते लक्षण हाय.”

“डाक्टरनं काय सांगतलं होतं?”

“डाक्टरपेक्षा मोठा डाक्टर हाय.”

“हाय ना. मंग त्यानंच हे सुई काहाडली असन.”

ती लंगडत मांडवाकडे गेली. स्वयंसेवकानं तिचं नाव आधीच घेऊन ठेवलं होतं. मी थर्मास घेऊन मागोमाग गेले. एकदा ती एवढ्या लोकांसमोर बरी झाली म्हणाली की सुई संपली, हे मला कळत होतं. दया बोललेला शब्द मागे घेत नाही. आमच्यात कुणीच घेत नाही.

आधी प्लॅस्टरवाला झाला. मग एक बाई झाली, तिची डोकेदुखी गेली होती, ती गेलीही असेल. मग दयाचं नाव पुकारलं. ब्रदरनं तिचा हात धरून वर घेतलं. दयानं माईक हातात घेतला, नाव सांगितलं, गाव सांगितलं, साखरेचं सांगितलं, काल काय झालं ते सांगितलं. चांगलं सांगितलं. ‘आता मी बरी झाली’ म्हणाली आणि मांडव हालेलुयानं दणाणला.

आणि मग तिनं जन्मभराच्या सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. ती माईकमध्येच म्हणाली, “बाई, ये ना वर. तुह्याशिवाय कशी होईन साक्ष?”

ब्रदरला वाटलं, आणखी एक साक्ष आली. तो म्हणाला, “त्यांच्या बहिणीलाही देवानं स्पर्श केला आहे!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन पोरांनी मला धरून पायऱ्या चढवल्या. मंचावरून बघितलं तर माणसंच माणसं. खोट्यावर सहज निभावलं असतं. दोनच शब्द लागतात, ‘खरं आहे.’ खाली उतरले असते, आणि दया खूश झाली असती.

मी माईक घेतला.

“हे माही बहीन दया,” मी म्हटलं. लोक म्हणाले, हालेलुया.

“हे काल पडली. खरं हाय.”

“हालेलुया!”

“तिले कोनी लोटलं नाई. तिले आंगातून बरं वाटलं. तेबी खरं हाय.”

“हालेलुया!”

“काल संध्याकाळपासून तिनं सुई घेतली नाई. तिचा अंगठा काळा पडून राह्यला.”

“हालेलुया!” लोक म्हणाले. सवयच होती. मग पुढच्या रांगा एकेक करून गप्प झाल्या. मागच्या जरा उशिरा झाल्या.

“बरी झाली असं मले म्हन्ता येत नाई,” मी म्हटलं, आणि माईक दयाच्या हातात दिला.

ब्रदर हसत होता, पण नुसत्या दातांनी. तो वाजवणाऱ्याला म्हणाला, “वाजव.” वाद्य सुरू झालं. “ही शंकेची वाणी आहे,” तो म्हणाला. “आपण या शंकेच्या आत्म्याला बांधू या. आई, डोळे मिटा.” त्याचा तळहात माझ्या कपाळाकडे आला. मी थर्मास वर धरला. त्याचा हात थर्मासाला लागला.

“सिस्टर,” तो दयाकडे वळला, “तुमचा विश्वास तर आहे ना? बोला, मी बरी झाले!”

दयाचा चेहरा रागानं लाल झाला होता. मला वाटलं, आता ही म्हणणार. माझ्याकडे बघून, मुद्दाम म्हणणार. तिनं माईक तोंडाशी नेला.

“विश्वास हाय जी,” ती म्हणाली. “पन साक्ष झाली नाई. बहीन खरं नाई म्हनली.”

“त्यांचं सोडा. तुमची साक्ष तुमची आहे.”

“असं नसते,” दया त्याला समजावल्यासारखं म्हणाली. त्याला एवढी साधी गोष्ट माहीत नसावी याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं. “घरचं मानूस खरं म्हनलं नाई त साक्ष होत नाई. तुमच्या इथी नाई का पद्धत?” तिनं माईक त्याच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरू लागली. मी हात पुढे केला, तो तिनं झिडकारला.

मांडवात रफिकभाईंच्या चुलीकडची एकच वाट मोकळी होती. दया तिकडे गेली आणि पालथ्या घातलेल्या गंजावर, भाताच्या मोठ्या पातेल्यावर, बसली. रफिकभाई भात उपसत होते. त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं. मी थर्मास उघडून गरम झालेलं पाणी ओतून दिलं, तर ते आत जाऊन बर्फाचा तुकडा घेऊन आले.

“साहब के ठंडे के वास्ते मँगाया था,” ते म्हणाले. “पिघलनेच वाला था.”

मंचावरचं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग दया माझ्याकडे न बघता म्हणाली, “काहाड सुई. टोच.”

मी सुई भरली.

“आदी हात ठेव,” ती म्हणाली.

“कुठी?”

“डोक्शावर.”

मी ठेवला. प्रार्थना मोठ्यानं करायची मला सवय नाही. तिच्या केसांत कालची रुई तशीच होती. ती काढली, मग टोचलं.

तिथून घरी न जाता यवतमाळला उतरलो, डॉक्टरकडे. तो मलाच बोलला.

घरी

अंगठा काढावा लागला. पाय आहे.

यरुशलेमहून आलेले लोक पाणी आणतात. आम्ही रुई आणली. लुगड्यांतून ती दोन धुण्यांनीही निघाली नाही. मैनाबाईच्या गुडघ्यांचं काय झालं ते कळलं नाही. शब्दांचं म्हणाल, तर आता आमच्या मंडळीतही पोरं ‘अभिषेक’ आणि ‘छुटकारा’ म्हणू लागली आहेत. म्हणोत. चंगाई म्हटल्यानं जखम भरत नाही आणि बरं करणं म्हटल्यानंही भरत नाही. पण साक्षीची पद्धत सोडू नका, एवढं मी पाळकांना सांगून ठेवलं आहे.

दया चालायला लागली त्या रविवारी भक्ती संपल्यावर ती काठी टेकत उभी राहिली. म्हणाली, “मी सभेले गेल्ती. पडली, रडली, बरं वाटलं. पन बरी झाली नाई. अंगठा गेला. सुई चालू हाय. आता बाई टोचाच्या आदी डोक्शावर हात ठेवते.” आणि तिनं शेजारी बघितलं.

मी उभी राहिले. “खरं हाय,” म्हटलं.

कुणी हालेलुया म्हटलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.